कळा सोसताना काय काय मागता येतं

सातव्या महिन्याच्या तपासणीला जाल तेव्हा वजन झालं, रक्तदाब झाला, हिमोग्लोबिनचा कागद मिळाला, की लगेच उठू नका. डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारा, "बाळंतपणात कळांचा त्रास कमी करायला तुमच्याकडे काय काय आहे?" हा प्रश्न फार थोड्या जणी विचारतात. तो विचारायचा असतो हेच कुणी सांगितलेलं नसतं. सासूबाई म्हणतात, आम्ही नाही का सोसलं. आई म्हणते, बाळ हातात आलं की सगळं विसरायला होतं. दोघी मायेनंच बोलतात, पण लेबर रूममधले आठ-दहा तास कसे काढायचे, हे त्यातून कळत नाही.

वालीवसारख्या ठिकाणी हा प्रश्न विचारणं जास्तच गरजेचं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांवर काम करणारी हजारो कुटुंबं वालीव, गोखिवरे, सातिवली, धानीव बाग, पेल्हार या पट्ट्यातल्या चाळींत राहतात. कुणी कोकणातून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून, तर कुणी इथलंच, वारली पाड्यावरचं. बाळंतपणासाठी जवळ सातिवलीचं महापालिकेचं माता-बाल संगोपन केंद्र आहे, वसई गावात सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, नालासोपाऱ्यात तुळींजचं रुग्णालय आहे. शिवाय गल्लोगल्ली छोटी खासगी नर्सिंग होम आहेत. केस अवघड झाली की मुंबईचा रस्ता धरायचा. छोट्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर येतो आणि तोही सिझरसाठी. रात्री दोन वाजता कळांनी तळमळणाऱ्या बाईच्या पाठीत एपिड्युरल (बारीक नळीतून सोडायची सौम्य भूल) देऊन चार-सहा तास तिच्याजवळ थांबायला माणूस कुठून आणणार?

म्हणून घरच्यांनी ठरवून टाकलेलं असतं, की पैसेवाल्यांच्या हॉस्पिटलात "पेनलेस" आणि आपल्याला नुसतं सोसणं. हे खरं नाही. एपिड्युरल मिळालं नाही तरी त्याच्या अलीकडे बरंच काही आहे. त्यातलं निम्मं फुकट आहे आणि काही गोष्टी तर सरकारी नियमानं तुमच्या हक्काच्या आहेत. त्या ऐनवेळी कळांमध्ये आठवत नाहीत. आधी ठरवून ठेवाव्या लागतात.

सगळ्यात आधी सोबतीचं माणूस. मी याला औषधाच्याही आधी मान देते. बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाचं माणूस सतत असलं तर काय फरक पडतो, हे तपासणाऱ्या जगभरच्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून जास्त बायकांचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या बायकांची बाळंतपणं थोडी लवकर आटोपली, सिझर कमी झाले, दुखणं कमी करणाऱ्या औषधांची गरजही कमी लागली. केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना सूचना दिली, की लेबर रूममध्ये बाळंतिणीसोबत एक व्यक्ती असू द्यावी. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असावी आणि जिथे पडद्याची, आडोशाची नीट सोय आहे तिथे नवराही चालेल. २०१७ च्या "लक्ष्य" कार्यक्रमानं लेबर रूमच्या दर्जाची जी मोजपट्टी घालून दिली, तिच्यातही सोबत आणि आडोसा दोन्ही आहेत. तरी दारावर "एकालाही आत सोडणार नाही" असं ऐकायला मिळतं. म्हणून तपासणीच्या वेळीच विचारा, "माझ्याबरोबर माझी जाऊ आत थांबणार आहे, चालेल ना?" दारात भांडण्यापेक्षा आठवडाभर आधी मिळालेला होकार जास्त उपयोगी पडतो.

सोबतीला कोण, हेही नीट ठरवा. घरातलं सगळ्यात मोठं माणूस म्हणजे सगळ्यात योग्य माणूस असं नाही. जिला रक्त बघून चक्कर येत नाही, जी तुमच्याशी चढ्या आवाजात बोलत नाही, अशी बाई हवी. सिस्टरांची भाषा जिला कळते अशी असली तर सोन्याहून पिवळं. भोजपुरी बोलणाऱ्या सुनेला मराठीत "जोर लावू नको" म्हटलेलं कळत नाही, म्हणून ती जोर लावत राहते आणि ओरडा खाते. शेजारची मराठी वहिनी सोबत असली तर हे टळतं. सोबतीणीनं सर्दी-खोकला नसताना, धुतलेल्या कपड्यांत यावं, शेवटपर्यंत थांबावं आणि डॉक्टरांच्या कामात हात घालू नये.

तिनं करायचं काय? बहुतेक जणी हात धरून उभ्या राहतात आणि रडवेल्या होतात. त्यापेक्षा कंबर धरा. कळ सुरू होताना बाळंतिणीला कुशीवर वळवा, नाहीतर खाटेच्या कठड्याला धरून थोडं पुढे वाकवून उभी करा. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर आपल्या तळहाताची टाच ठेवा आणि कणीक तिंबताना लावतो तसा खांद्यापासून जोर द्या. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कळ ओसरली की सोडायचं. "अजून जोरात" असं ती म्हणाली तर जोर वाढवा, "नको" म्हणाली तर लगेच थांबा. बाळाचं डोकं पाठीच्या बाजूला टेकलं की कळा कमरेतच उठतात. तेव्हा हा एक दाब भल्याभल्या गोळ्यांपेक्षा जास्त आधार देतो. त्याच जागी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवला तरी बरं वाटतं. फक्त तो आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. कळांच्या भरात बाळंतिणीला चटका कळत नाही.

उताणं पडून राहणं ही कळा सोसण्याची सगळ्यात वाईट तऱ्हा आहे आणि आपल्याकडे तीच सर्रास चालते. गर्भपिशवीचं तोंड उघडत असताना, बाळाच्या ठोक्यांची काळजी नसेल तर, हिंडावं, बसावं, उकिडवं व्हावं, भिंतीला टेकून डुलावं. उभं राहून, चालत-फिरत घालवलेल्या बाळंतपणांत हा पहिला टप्पा सरासरी तासाभरानं लवकर आटोपतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यांत हिंडण्याफिरण्याला, आवडेल त्या स्थितीत राहण्याला आणि धोका नसेल तर खाण्यापिण्यालाही मोकळीक दिली आहे. भाताची पातळ पेज, चहा, सरबत, दोन बिस्किटं. उपाशी बाईला कळा जड जातात. सिझरची शक्यता दिसत असेल तर डॉक्टर तोंडानं काही देऊ नका म्हणतील, तेव्हा मात्र ऐकायचं.

श्वासाचं सगळ्या सांगतात, पण नुसतं "लांब श्वास घे" म्हणून तो घेता येत नाही. सराव लागतो. आठव्या महिन्यापासून रोज संध्याकाळी बर्फाचा एक खडा मुठीत धरा आणि घड्याळात एक मिनिट बघा. जोरातली कळही साधारण एवढीच टिकते. पहिल्या दिवशी दात आवळले जातील, खांदे कानाला लागतील. मग नाकानं सावकाश श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून त्याहून सावकाश सोडायचा आणि सोडताना जबडा, खांदे, बोटं सैल सोडायची. बर्फ तेवढाच गार असतो, पण अंग हळूहळू त्याच्याशी झगडायचं थांबतं. नवऱ्यानंही समोर बसून हा सराव करावा. त्यामुळे "श्वास सोड" हे त्याच्या तोंडून ऐकायची सवय होते.

आता इंजेक्शनं. इथे नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. लेबर रूममध्ये दिलं जाणारं प्रत्येक इंजेक्शन दुखणं कमी करणारं नसतं. पिशवीचं तोंड लवकर उघडावं म्हणून ड्रोटाव्हेरिनसारखी इंजेक्शनं देतात, त्यांना वेदनाशामक म्हणून धरून चालू नका. सलाइनमधून देतात ते ऑक्सिटोसिन तर कळा वाढवण्यासाठी असतं. त्यानं दुखणं वाढतं. ते लागतं तेव्हा लागतंच, पण थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत, रुग्णालयातच. घरी किंवा नाक्यावरच्या दवाखान्यात कुणी "कळ वाढवायचं इंजेक्शन" दंडात किंवा कमरेत देऊ लागला तर सरळ उठून निघा. बाळ व्हायच्या आधी असं दिलेलं ऑक्सिटोसिन आवरता येत नाही. पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

खरं दुखणं कमी करणारी इंजेक्शनं म्हणजे ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, पेथिडिन, फेंटानिल. छोट्या रुग्णालयातही यांतलं ट्रामाडॉल असण्याची शक्यता जास्त. पेथिडिन आणि फेंटानिलवर अमली पदार्थांच्या कायद्याचे कडक नियम आहेत. परवाना, नोंदवही, कुलूपबंद कपाट आलं, म्हणून बरीच छोटी रुग्णालयं ती ठेवतच नाहीत. या इंजेक्शनांनी कळ नाहीशी होत नाही, तिची धार कमी होते, दोन कळांच्या मध्ये डोळा लागतो. रात्रभर जागून थकलेल्या बाईला तेवढा तासाभराचा विसावाही मोठा असतो. मळमळतं, गुंगी येते, म्हणून इंजेक्शन घेतल्यावर एकटीनं संडासला जाऊ नका. बाळंतपण अगदी जवळ आलं असताना ती दिली तर बाळ मंद जन्मतं, श्वास घ्यायला उशीर करतं, म्हणून डॉक्टर आधी तपासून वेळ ठरवतात. "आता उशीर झाला, आता देता येणार नाही" असं त्यांनी सांगितलं तर तो बहाणा नसतो. तुम्हाला कधी फिट आली असेल तर ट्रामाडॉलच्या आधी ते सांगायलाच हवं. दमा असेल, एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर तेही. हे सगळं फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कमरेतल्या कळांसाठी आणखी एक अगदी स्वस्त उपाय आहे, आपल्याकडे तो फारसा वापरत नाहीत. कमरेच्या चार ठिकाणी कातडीच्या आत निर्जंतुक पाण्याचे बारीक फुगे इंजेक्शननं भरतात. अर्धा मिनिट मधमाशी डसल्यासारखी आग होते आणि मग तास-दोन तास कमरेची कळ हलकी होते. औषध नाही, म्हणून बाळापर्यंत काही जात नाही. पोटातल्या कळेवर मात्र याचा उपयोग नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. निदान त्यांच्या कानावर तरी जाईल.

काही मोठ्या रुग्णालयांत गॅस असतो, निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. मास्क बाळंतिणीनं स्वतःच धरायचा. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो, तीच त्याची सुरक्षितता आहे. म्हणून मायेपोटीही दुसऱ्या कुणी मास्क तोंडावर दाबून धरायचा नाही. त्याचा अंमल चढायला अर्धा मिनिट लागतो, म्हणून कळ भरात यायची वाट न बघता ती सुरू होतेय असं वाटलं की लगेच ओढायला लागायचं. अंमल मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. चक्कर आणि मळमळ सोडली तर मोठा त्रास नाही.

एपिड्युरल दुखण्यावर सगळ्यात चांगलं चालतं, यात शंका नाही. कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून भुलीचं सौम्य औषध सोडत राहतात. बाई शुद्धीत असते, कळा जाणवतात, पण फाडत नाहीत. "मग सिझरच होतं" आणि "कंबर कायमची जाते" हे दोन समज घराघरांत आहेत. अभ्यासांतून दोन्ही खरे ठरलेले नाहीत. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, खाज सुटते, बाळ बाहेर यायचा शेवटचा टप्पा थोडा लांबतो, साधारण शंभरात एकीला काही दिवस कडक डोकेदुखी होते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट्स फार कमी असतील तर ते देत नाहीत. खासगी नर्सिंग होमनं "पेनलेस डिलिव्हरी"चा फलक लावला असेल तर पैसे भरण्याआधी विचारा: भूलतज्ज्ञ रात्रीही येतात का? दिल्यावर जवळ थांबतात का? मधेच सिझर लागलं तर इथेच होतं का? सगळं मिळून बिल किती? उत्तर अंधूक आलं तर त्या फलकावर पैसे घालवू नका. भूलतज्ज्ञ आहे पण फार वेळ थांबू शकत नाही, अशा ठिकाणी पाठीत एकदाच थोडं औषध देऊन दोन-तीन तास निभावता येतात. बाळंतपण पुढे सरकलेलं असेल तर तेवढं पुरतं. हा पर्यायही विचारण्यासारखा आहे.

आणि आता टाके. सगळं बाजूला राहू द्या, पण हे लक्षात ठेवा. एडिनबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. आज इतक्या वर्षांनी, जागा बधिर न करता बाईला टाके घातले जात असतील तर ते गरिबीमुळे होत नाही. लिग्नोकेन हे आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतलं, अतिशय स्वस्त, कोपऱ्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही असायला हवं असं औषध आहे. त्याला भूलतज्ज्ञ लागत नाही. "आत्ताच एवढं मोठं बाळ निघालंय, दोन टाक्यांचं काय दुखतंय" हे वाक्य कानावर आलं तर सोबतीणीनं शांतपणे म्हणावं, "आधी बधिर करायचं इंजेक्शन द्या, सिस्टर." इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. मग चिमट्यानं टोचून बघायचं आणि "दुखतंय का" विचारायचं. दुखत असेल तर आणखी द्यायचं. शिवताना मधेच जाणवायला लागलं तरी सांगा. ते ऐकलं गेलंच पाहिजे. खालून कापायचं असेल तेव्हाही हेच. आणि प्रत्येक पहिलटकरणीला कापायलाच हवं असं मुळीच नाही, गरज असेल तरच कापायचं. वार अडकून हात घालून काढावी लागली तर त्यासाठीही नीट भूल हवी.

पोटावर बसून, कोपरानं दाबून बाळ खाली ढकलणं अजून काही ठिकाणी चालतं. जागतिक आरोग्य संघटना ते करू नका म्हणते. बाईला भयंकर दुखतं आणि इजाही होऊ शकते.

ओरडणाऱ्या बाईला टोमणे मारणं, मांडीवर चापट मारणं, हेही दुखण्यातच मोजा. घाबरलेल्या, अपमान झालेल्या बाईला तीच कळ जास्त लागते. लेबर रूममधल्या सिस्टरही एकाच वेळी तिघी-चौघींना सांभाळत असतात, त्यांचे हाल मला कळतात. पण त्यांच्यावरच्या ताणाचा मार बाळंतिणीनं खायचा नाही. असं झालं तर तारीख, वेळ, ड्युटीची पाळी लिहून ठेवा आणि घरी जायच्या आधी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या, पोच घ्या.

पैशाचं थोडक्यात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली १ जून २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. वेदनेची औषधं आणि लिग्नोकेनही त्यातच आलं, बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली तर कारण विचारा. गाळ्यावर काम करणाऱ्या, महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा ईएसआयचा (कामगार विम्याचा) हप्ता कापला जात असेल तर त्याच्या बायकोचं बाळंतपणही त्यात बसतं, कांदिवलीला त्यांचं रुग्णालय आहे. कार्ड आधीच करून ठेवा. आणि वर सांगितलेले प्रश्न विचारायला दर महिन्याची ९ तारीख चांगली. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर स्वतः तपासतात.

निघायचं कधी? पहिल्या खेपेला कळा पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर न थांबता येत असतील तेव्हा, असं पुस्तकात सांगतात. वालीवहून महामार्गावर यायचं तर एवढी वाट बघू नका. वसई फाट्यावरची कोंडी आणि पावसाळ्यात साचणारं पाणी धरून तासभर आधी निघा, दुसरी-तिसरी खेप असेल तर त्याहून लवकर. १०८ किंवा १०२ ला फोन करा आणि शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबरही ठेवा. काही दुखणी मात्र कमी करत बसायची नसतात. दोन कळांच्या मधेही पोट दगडासारखं कडक राहणं, अंगावरून रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळाची हालचाल मंदावणं, आधीच्या सिझरच्या टाक्यावर सतत दुखणं. तेव्हा कुठलाही घरगुती उपाय न करता तडक निघायचं.

बाळ झाल्यावरही दुखणं संपत नाही. पाजताना पोटात कळा येतात, दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात जास्तच. टाके ओढतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन या दोन्ही गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा चालतात. "दुधातून बाळाला जाईल" म्हणून त्या नाकारू नका. बीपी, किडनी किंवा आम्लपित्ताचा मोठा त्रास असेल तर मात्र आयबुप्रोफेनआधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या दिवशी टाक्यांवर स्वच्छ कापडात गुंडाळून गार शेक दहा मिनिटं द्या. तीन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, घाण वास आला, थंडी वाजून ताप आला, तर सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही हा नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.